‘आरिरांग रडकं, इंग्रजी गाणी कोरडी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून माझं उत्तरही जरा लांबणार आहे.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: विरह इथून तिथून सारखाच, कोरियाचं ‘आरिरांग’ हे लोकगीत आणि इंग्लंडची लोकगीतं यांत मी माझ्या लेखात दाखवलेला फरक ओढूनताणून आणलेला आहे, फरक असलाच तर एवढाच, की कोरियन गाणं रडकं आणि इंग्रजी गाणी कोरडी. मला हे पटत नाही. कुणाचं दुःख जास्त हे मोजण्यात अर्थ नाही. गाणारी व्यक्ती कुठे उभी राहून गातेय, ते बघा.

‘आरिरांग’मध्ये सोडून जाणारा अजून नजरेच्या टप्प्यात आहे. तो खिंड ओलांडतोय आणि मागे राहिलेलं माणूस त्याला बजावतंय, की मला टाकून जाणाऱ्याचे पाय दहा री जायच्या आतच दुखू लागतील. तुम्ही याला शाप म्हणता. अहो, दहा री म्हणजे सुमारे ४ किलोमीटर! शापच द्यायचा तर मरणाचा दिला असता. इथे मागणं काय, तर पाय दुखावेत. म्हणजे तो थांबेल, आणि थांबला तर अजून हाकेच्या अंतरावर असेल. हे रडणं नाही, हट्ट आहे.

आता इंग्लंड. १९०३ साली सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावात सेसिल शार्प यांनी एका माळ्याच्या तोंडून ‘द सीड्स ऑफ लव्ह’ ऐकलं आणि त्यांचं लोकगीतं गोळा करण्याचं काम सुरू झालं. गाण्यातली बाई प्रेमाचं बी पेरते. माळी व्हायोलेट, लिली, पिंक अशी फुलं सुचवतो. ती एकेक नाकारते, जूनमधल्या लाल गुलाबासाठी अडून बसते आणि शेवटी तिच्या वाट्याला विलो येतो, म्हणजे तिकडच्या गाण्यांत सोडून दिलेल्यांचं झाड. ज्याने सोडलं त्याची पाठसुद्धा या गाण्यात दिसत नाही. सगळं घडून गेलंय आणि ती मागे वळून स्वतःचीच निवड तपासतेय. याला कोरडं कसं म्हणायचं? हे मुरलेलं दुःख आहे.

‘अर्ली वन मॉर्निंग’ या दुसऱ्या इंग्रजी लोकगीतातली मुलगीही ‘मला सोडून जाऊ नकोस’ म्हणतेच की, हा तुमचा दाखला चांगला आहे. पण त्याची सुरुवात पुन्हा वाचा. सांगणारा तिसराच कुणीतरी आहे. पहाटे खालच्या दरीतून तिचं गाणं त्याच्या कानावर पडलंय. ज्याला ती विनवतेय तो तिथे नाहीच.

‘आरिरांग’ हे देशाचं गाणं आहे, प्रेमाचं नाही, असंही तुम्ही लिहिलंत. कोरियावरच्या जपानी राजवटीत, १९२६ साली, ना उन-ग्यू यांच्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे ते सर्वदूर पोचलं आणि त्या निरोपात देशाचं दुःखही मिसळलं, हे खरंच. म्हणून मूळचा निरोप काही पुसला गेला नाही.

आणि आरिरांग एकच नाही. कोरियातल्याच चोंगसॉन भागातल्या आरिरांगमध्ये आउराजी इथल्या नदीकाठावरून नावाड्याला हाक आहे: मला पलीकडे पोचव, तिथली फुलं गळून चाललीत. तिथे अजून कुणी कुणाला सोडलेलंही नाही, फक्त नदी आडवी आलीय. तुम्ही बहुधा नेहमीची सोलकडची चाल ऐकली असेल. चोंगसॉनची संथ चाल सावकाश ऐका आणि ‘रडकं’ हा शब्द तरीही टिकतो का, ते इथेच कळवा.