नुसते ४० मिलिमीटर: आमच्या कामावरच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. कपाट ठरलेल्या तारखेला लागलं नाही आणि तुमचं सामान खोलीभर पडून राहिलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. फोन उचलले नाहीत असंही लिहिलंय. मशीन चालू असताना रिंग ऐकू येत नाही, पण ते काही तुम्ही बघायचं नाही, ते आम्ही बघायला हवं.

बाकीचं वाचून मात्र खरंच वाईट वाटलं. तुमचंच वाक्य परत लिहितो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय: "डिझाइन सॉफ्टवेअर दोन मिनिटांत करतं, मी नुसते ४० मिलिमीटर वाढवायला सांगितले तर तीन आठवडे लावले, वर जादा पैसे घेतले, भिंतीपाशी पट्टी मारून चुकलेलं माप लपवलं, मॉड्युलर म्हणजे फसवणूक, यापेक्षा सुतार बरा."

दोन मिनिटं हे खरंय, उलट त्याहून कमी. आमचं मॉडेल राइनो-ग्रासहॉपर या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आहे, रुंदीचा स्लायडर ८०० वरून ८४० वर नेला की फळ्या, दरवाजे, ड्रॉवर, भोकं सगळं आपोआप बदलतं, तुम्ही ऑफिसात बसून ते बघितलंय आणि तुम्हाला आवडलंही होतं. पण सर, तो स्लायडर तुम्ही ड्रॉइंगला "ओके फायनल" आणि अंगठा पाठवल्यानंतर हलवायला सांगितलात. तोपर्यंत प्लाय कापून, भोकं पाडून, एज बँड (फळीच्या कडेची पट्टी) मारून झाला होता. स्क्रीनवरची फळी ओढली की वाढते, कापलेली नाही वाढत हो.

आता ते ४० मिलिमीटर आले कुठून ते सांगतो, कारण सगळा राग तिथेच आहे. भिंत ते भिंत जागा तेवढीच, त्यात ८०० रुंदीचे तीन युनिट, म्हणजे कपाटाचे तीन भाग, आणि दोन्ही टोकांना २५-२५ चा फिलर, म्हणजे युनिट आणि भिंत यांच्यामधली फट बुजवणारी पट्टी. मधलं युनिट ८४० केलं तर भिंत काही सरकत नाही. फिलरमधून काढले तर दोन्हीकडे मिळून १० उरतात, मग भिंतीकडचा दरवाजा हँडलसकट भिंतीला आपटतो आणि पूर्ण उघडतच नाही. म्हणून शेजारचं युनिट ७६० करावं लागलं. म्हणजे तुमच्या डोक्यात एक युनिट बदललं, आमच्याकडे दोन.

तुम्ही फोनवर म्हणालात, शेजारच्याच्या फळ्या कापून बारीक करा, त्यात काय. तो विचार आमच्याही मनात आला होता, प्लाय फेकायला कोणाला आवडतं. पण फळीच्या दोन्ही टोकांना मिनीफिक्सचं, म्हणजे दोन फळ्या आवळून जोडणाऱ्या फिटिंगचं, भोक असतं, १५ मिलिमीटर व्यासाचं, त्याचं केंद्र कडेपासून ३४ वर. एका टोकाने ४० कापले की ते भोक जवळजवळ पूर्ण जातं आणि कडेला दीड मिलिमीटरची खाच उरते, तिथे परत जॉइंट घेता येत नाही. दोन्हीकडून २०-२० कापले तर भोक १४ वर येतं, म्हणजे पुढे सहा-सात मिलिमीटर प्लाय उरतो, आवळला की फुटायची भीती. त्या युनिटचे दरवाजे तेवढे वाचले, ते बिजागरीच्या उलट्या बाजूने कापून पुन्हा एज बँड मारून तुम्हाला लावले, आणि त्याचं काही लावलं नाही. बिल बघा.

मधल्या युनिटच्या दरवाजांनी खरा घोळ घातला, जादा पैशाचं उत्तर तिथेच आहे. ८०० च्या युनिटला दोन दरवाजे, एकेक ३९७ रुंद. शीट २४४० बाय १२२०. ३९७ चे तीन म्हणजे ११९१, मधे कटरची जाडी धरली तरी १२२० मध्ये बसतात. ८४० च्या युनिटला दरवाजा होतो ४१७ चा, तीन म्हणजे १२५१. नाही बसत. आडवे टाकून बसवू म्हणाल तर लॅमिनेटचा ग्रेन उभा आहे, तुम्हीच तीनही युनिटवर सलग रेषा मागितल्या होत्या, त्यामुळे प्रोग्रॅमला दरवाजा ९० अंशात फिरवायची परवानगीच नाही. म्हणजे एका शीटमधून तीनच्या जागी दोन दरवाजे, बाजूला साधारण पाऊण हात रुंदीचा पट्टा उरतो तो दरवाजाला चालत नाही. तुमच्या ४० मिलिमीटरमुळे काम पुढच्या शीटवर गेलं. आम्ही तेवढ्याच शीटचे आणि प्रेसचे (लॅमिनेट चिकटवण्याचे) पैसे लावले, त्यात आमचा नफा नाहीये.

शीटवर तुकडे कमीत कमी वाया जातील असे बसवणं हे गणितातल्या अवघड प्रश्नांपैकी आहे, तुकडे वाढले की सगळ्या शक्यता तपासून बघणं कॉम्प्युटरलाही परवडत नाही, बऱ्यापैकी चांगलं उत्तर मिळालं की थांबावं लागतं. कांतोरोविच नावाच्या रशियन गणितज्ञाने लेनिनग्राडच्या प्लायवूडवाल्यांचा मशीनच्या कामवाटपाचा प्रश्न सोडवता सोडवता लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे आहे त्या साधनांतून जास्तीत जास्त काम काढायचं गणित, उभं केलं, १९३९ च्या त्याच्या पुस्तिकेत कापताना मटेरियल कसं वाचवायचं हाही भाग आहे, आणि १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मोठेपणा मिरवायला नाही सांगत, पण "बटण दाबायचं काम" असं लिहिलंत ते लागलं.

तीन आठवड्यांतला निम्मा वेळ लॅमिनेटची वाट बघण्यात गेला. शेड नंबर तोच असला तरी लॉट बदलला की रंगात फरक येतो, आणि तुमचे डाव्या-उजव्या युनिटचे दरवाजे आधीच्या लॉटचे तयार होते. मिळेल ते लावून मोकळं होता आलं असतं, चार दिवसांत काम संपलं असतं. मग मधले दोन दरवाजे वेगळे दिसले असते आणि एक स्टार आला असता.

शेल्फच्या खाली न विचारता पट्टी लावली असंही लिहिलंय. ती सपोर्टची आहे. फळी जितकी लांब तितका बाक नुसता वाढत नाही, लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ८०० चं ८४० केलं, लांबी ५ टक्के वाढली, की भरलेल्या फळीचा बाक २१ टक्क्यांच्या वर वाढतो. प्रोग्रॅममध्ये आम्ही मर्यादा घातलीय, ती ओलांडली की तो स्वतःच पट्टी टाकतो. सांगायला हवं होतं म्हणता, ठीक आहे, सुधारित ड्रॉइंगमध्ये ती होती, त्यालाही अंगठा आला होता, पण असो.

आणि भिंतीपाशची पट्टी. सर, माप नाही चुकलेलं. माप खाली, मधे आणि वर असं तीन ठिकाणी घेतो, तुमची उजवी भिंत ओळंब्यात नाही, खालून वर ११ मिलिमीटर फरक आहे. मशीनवर कापलेलं युनिट गुण्यात (काटकोनात) असतं, भिंत नसते, तो फरक कुठेतरी घ्यावाच लागतो म्हणून फिलर भिंतीच्या रेषेप्रमाणे घासून बसवतात. भिंत ते भिंत बसणारं फॅक्टरीमेड कपाट साधारण असंच बसतं. ओळंबा तुमच्यासमोरच सोडून दाखवला होता, तेव्हा तुम्ही फोनवर होता.

सुतार बरा, याला माझी काहीच हरकत नाही. आमच्याकडे फिटिंग करणारे सगळे मुळात सुतारच आहेत आणि ती पट्टी इतकी नीट बसलीय ती त्यांच्या हातामुळे, मशीनमुळे नाही. जागेवर बसून करणारा सुतार आज सांगितलेलं उद्या बदलून देतो कारण त्याची पुढची फळी अजून कापलेलीच नसते. ज्यांचं काम चालू असताना ठरतं त्यांनी खरंच तसंच करून घ्यावं, मी स्वतः काही लोकांना तसं सांगून परत पाठवलंय. आमच्याकडे सगळं आधी ठरतं, मग एकदम कापलं जातं, साइटवर धूळ आणि आवाज कमी होतो तो त्यामुळेच, आणि ते तुम्हाला पहिल्या दिवशी पटलं होतं.

एक बोलू का, राग मानू नका. हा सगळा बदल मोठी बॅग आत बसत नाही म्हणून होता. तुम्ही रिव्ह्यूला जो फोटो लावलाय त्यात ती बॅग ७६० च्या युनिटमध्ये ठेवलीय, आणि बाजूला जागा उरलीय.

पुढे काय करतोय तर फायनल म्हणजे कटिंग सुरू, हे आता मेसेजमध्ये मोठ्या अक्षरात लिहू, फोनचंही काहीतरी बघतोय. आणि तिसरा ड्रॉवर घासतो असं शेवटी लिहिलंय, ते चॅनलचा स्क्रू फिरवायचं काम आहे, माणूस पाठवतो, पैसे नाहीत, फक्त वेळ कळवा आणि कळवलेली वेळ शक्यतो बदलू नका. स्टारचं मी काही म्हणत नाही, तो तुमचा अधिकार. "फसवणूक" हा एक शब्द काढता आला तर बघा, नवीन गिऱ्हाईक खाली माझं एवढं मोठं उत्तर वाचत नाही, तेवढंच वाचून पुढे जातं.