सोनेरी जहाज आणि व्हेनिसचा सण
एका लेखात कानालेत्तो या अठराव्या शतकातल्या व्हेनिसच्या चित्रकाराच्या उत्सवचित्रांना ‘नुसती शोभेची’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. असेन्शनच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी व्हेनिसचा डोज, म्हणजे निवडून आलेला प्रमुख, लिदो बेटापाशी समुद्रात अंगठी टाकायचा, म्हणजे शहराचं समुद्राशी लग्नच! तिथून परतणारं बुचिंतोरो हे डोजचं सोन्याने मढवलेलं जहाज कानालेत्तोने पुन्हा पुन्हा रंगवलं. जरा जवळून बघा: पाण्यावर पांढऱ्या रंगाच्या बारीक वळणदार रेघा, आणि गोंडोल्यांतली माणसं म्हणजे रंगाचे दोन-चार ठिपके. तरी प्रत्येकाची लगबग कळते. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं, पुढच्याच वर्षी नेपोलियनच्या सैनिकांनी सोन्यासाठी जहाजावरचं कोरीवकाम जाळलं. ते वाचल्यापासून या चित्रांकडे बघताना गळा दाटून येतो.