"थंडीत ट्रकसाठी एवढंच करा" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

थंडी सुरू झाली की हा मेसेज फिरायला लागतो. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल टाका म्हणजे गोठणार नाही, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) पाणी न घालता नुसतं भरा, टायरची हवा कमी करा म्हणजे पकड वाढते, एअर ड्रायर (ब्रेकच्या हवेतलं पाणी टिपणारा भाग) असेल तर ब्रेकच्या हवेच्या टाक्यांकडे बघायची गरज नाही, आणि भरलेला ट्रक वजनामुळे घसरतच नाही. बर्फाच्या रस्त्यावर जाणाऱ्या ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून एकेक घेतो.

डिझेलमध्ये मुळातच मेण असतं, गारठ्यात त्याचे कण तयार होतात, आधी डिझेल गढूळ दिसतं आणि मग फिल्टर चोंदून गाडी बंद पडते, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण पेट्रोल घातलं की टाकीतली वाफ सहज पेट घेते, शिवाय आजकालच्या कॉमन रेल इंजिनात जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, ते कमी होऊन पंप खराब होतो तो वेगळाच. हिवाळी डिझेल भरा किंवा गोठू न देणारं औषध टाका, आणि ते गारठा पडायच्या आधी टाका, एकदा मेण धरलं की त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कूलंटचं तर उलटंच आहे. नुसतं इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं आणि तेच अर्धं पाणी मिसळलं की साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं.

टायरची हवा कमी करणं वाळूत, अगदी हळू चालताना ठीक आहे, कदाचित तिथूनच हे उचललं असेल. हायवेवर भरलेल्या गाडीचा कमी हवेचा टायर बाजूने दबत राहतो, तापतो आणि फुटतो, जोडीचे टायर एकमेकांना घासतात ते वेगळंच. मुळात थंडीत हवा आपोआपच उतरते, १०० पीएसआयच्या टायरमध्ये १० अंश तापमान खाली गेलं की साधारण ४ पीएसआय कमी होतात. म्हणजे उलट भरायला लागते, आणि मोजायची ती गाडी निघायच्या आधी, टायर गार असताना.

आता ब्रेक, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, पुढे टाकीत गार होते आणि हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं. ड्रायर ते पाणी पकडतो हे खरं, पण त्याच्यातले ओलावा शोषणारे दाणे कायमचे टिकत नाहीत, कॉम्प्रेसरमधून तेल येत असेल तर आणखी लवकर संपतात. मग पाणी पुढे लाइनमध्ये, वॉल्व्हमध्ये जातं, रात्री गोठतं आणि सकाळी ब्रेक एकतर लागत नाही नाहीतर सुटत नाही. म्हणून रोज गाडी उभी केली की हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (साचलेलं पाणी सोडायची तोटी) उघडायचा आणि काय बाहेर येतंय ते बघायचं, पाणी किंवा दुधाळ तेल आलं तर ड्रायरचं काडतूस बदला. लाइनमध्ये अल्कोहोल ओतून वेळ मारून नेऊ नका, त्याने रबरी सील आणि ड्रायरचे दाणे दोन्ही जातात. अजून एक, ओल्या चिखलबर्फातून आल्यावर थांबायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर हलके ब्रेक मारत ब्रेकचे शू (चाकाच्या ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे) सुकवून घ्या. मी एकदा नाही सुकवले, सकाळी ट्रेलरची चाकं फिरेनात, शू ड्रमला चिकटून गोठलेले, नुसतीच घासत येत होती.

आणि वजन. वजनाने पकड वाढते तसा गाडीचा रेटाही तेवढाच वाढतो, त्यामुळे भरलेली गाडी बर्फावर लवकर थांबेल ही आशा ठेवू नका. शून्याच्या आसपासचा बर्फ, वर पाण्याचा थर आलेला, कडक गारठ्यातल्या बर्फापेक्षा जास्त घसरडा असतो आणि पूल रस्त्याआधी गोठतात. अशा ठिकाणी इंजिन ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी हळू करणारा) बंद ठेवा, तो फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना धरतो, ती घसरली की मागचा ट्रेलर पुढे ढकलत गाडी दुमडवतो, रिकामा ट्रेलर तर स्वतःच आडवा यायला बघतो. टायरवरच्या साखळ्या घाट सुरू व्हायच्या आधी चढवा, आणि त्या लावायचा सराव घरी, कोरड्या जमिनीवर, हातमोजे घालून करून ठेवा.