दहा नंबरचं पोरगं

आत्ता घरी पोचलोय. जेवलो नाही अजून, बायको म्हणतीय आधी दोन घास खा मग काय लिहायचं ते लिही, पण आज हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

मी पोरांना रग्बी शिकवतो. सकाळी सहाच्या एसटीनं त्यातली चार पोरं घेऊन कराडहून साताऱ्याला गेलो होतो, रग्बीच्या ट्रायलला. तिथं काय झालं सांगतो. उंची, वजन, मग चाळीस मीटर पळा, शिट्टी, वेळ लिहिली, पुढचा. मग दहा मिनिटांची मॅच, एकेका टीममध्ये सात पोरं. माझ्या दहा नंबरच्या पोराकडं त्या दहा मिनिटांत बॉल आला तीनदा. आणि मग वहीत त्याच्या नावापुढं फुली. मी बाजूलाच उभा होतो, निळ्या पेनची फुली माझ्या डोळ्यांनी बघितली. विचारलं तर वहीवाले साहेब म्हणले, सर, स्लो आहे हो हा, दहा नंबरला स्पीड लागतो.

दहा नंबरला स्पीड लागतो! हे वाक्य ऐकल्यापासून डोकं फिरलंय माझं.

ज्यांना रग्बी माहिती नाही (म्हणजे माझ्या लिस्टमधले निम्मे) त्यांच्यासाठी सांगतो. रग्बीची पूर्ण टीम पंधरा जणांची, सेव्हन्समध्ये सात जणांची. दहा नंबर म्हणजे फ्लाय हाफ. न्यूझीलंडवाले त्यालाच फर्स्ट फाइव्ह म्हणतात. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर असतो ना, स्मॅश मारणाऱ्याचं नाव होतं पण बॉल कुणाला किती उंच द्यायचा ते ठरवणारा तो, तसं हे. फरक एवढाच की इथं समोरून शंभर किलोचा गडी अंगावर येत असतो आणि पळायचं, पास द्यायचा का किक मारायची हे बॉल हातात यायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. शिवाय बहुतेक टीममध्ये पेनल्टीच्या आणि कन्व्हर्जनच्या (ट्राय, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडं टेकवणं, झाला की जादा पॉइंटसाठी मारायच्या) किकही त्यालाच माराव्या लागतात. पळणारी बैलं वेगळी आणि हातात कासरा धरणारा वेगळा. कासरा धरणाऱ्याचं चाळीस मीटरचं टायमिंग घेऊन काय करणार आहात तुम्ही?

आता या पोराची गोष्ट सांगतो, त्याशिवाय माझा राग कळायचा नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यात मॅच होती, सेव्हन्सची. शेवटचं मिनिट, आम्ही १२-१० पुढं, बॉल आमच्याकडं, आमच्याच बावीस मीटरच्या रेषेपाशी. बॉल धरून वेळ काढायची, हूटर झाला की बाहेर मारायचा, मॅच संपली. आणि या पोरानं काय करावं? समोरच्यांच्या डोक्यावरून बॉल चिप केला, म्हणजे हलकी उंच किक मारली, डावीकडं. अंडाकृती बॉल तो, टप्पा पडला आणि उलटा फिरला, त्यांच्या पोराच्या हातात आयता गेला, त्यानं ट्राय टाकला, वर कन्व्हर्जन, १७-१२, हरलो. पोरगं जागेवर उभं राहून माझ्याकडं बघत होतं, आणि मी मान फिरवली.

ते राहू दे, परत येतो तिथं.

१९९८ च्या जूनमध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियानं इंग्लंडला ७६-० नं हाणला. शहात्तर शून्य. इंग्लंडचा दहा नंबर होता १९ वर्षांचा जॉनी विल्किन्सन. आपल्याकडं काय झालं असतं? पोरगं कायमचं घरी. पण त्याला ठेवलं, खेळवलं, किकसाठी स्वतंत्र कोच दिला. साडेपाच वर्षांनी सिडनीत वर्ल्ड कपची फायनल, समोर तेच ऑस्ट्रेलिया, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, स्कोअर १७-१७, आणि त्याच पोरानं आपल्या कमजोर, उजव्या पायानं ड्रॉप गोल (हातातला बॉल जमिनीवर टाकून टप्पा पडताच पोस्टमधून मारायचा) मारून कप आणला. त्याच मॅचमध्ये त्याचे आधीचे ड्रॉप गोलचे प्रयत्न हुकलेले होते बरं का. तरी शेवटचा बॉल त्याच्याकडंच आला, कारण बाकी चौदा जणांना दुसरं कुणी नकोच होतं. हा विश्वास एका ट्रायलमध्ये तयार होतो का?

आणि लांब इंग्लंडला कशाला जायचं, आपलं गोळेश्वर इथं कराडला खेटून आहे. खाशाबा १९४८ ला लंडनला गेले तेव्हा सहावे आले. मातीत वाढलेला माणूस गादीवर खेळला आणि सहावा आला. तेव्हा कुणी वहीत फुली मारली असती तर १९५२ चं हेलसिंकी कुठून आलं असतं? लोकांनी वर्गणी काढून पाठवलं तेव्हा ते ब्राँझ आलं. आपण त्याच गावच्या वाऱ्याला राहतो आणि आपल्याच पोरांना दहा मिनिटांत निकालात काढतो.

ज्याची निवड झाली त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही. वाऱ्यासारखं पळतं, बघत राहावं असं पळतं. पण दहा मिनिटांत त्यानं एकही पास दिला नाही, बाहेर दोन पोरं मोकळी उभी राहून हात वर करत होती आणि हा प्रत्येक वेळी स्वतःच घुसत होता. त्याला विंगला, म्हणजे कडेला पळायला ठेवा, सोनं करेल. दहा नंबरला टाकून तुम्ही त्याचंही वाटोळं करणार आणि माझ्या पोराचंही.

हो, सेव्हन्समध्ये तेवढंच मोठं मैदान आणि माणसं सातच, त्यामुळं पाय लागतात, हे मान्य आहे मला. पुढं.

माझ्या पोरानं त्या तीन बॉलवर काय केलं ते लिहितो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. पहिल्या बॉलला त्यानं शेजारचा माणूस सोडून पलीकडच्याला लांब पास दिला, छातीवर दिला, त्या पोराच्या हातातून सुटला. ते याच्या खात्यावर गेलं. दुसऱ्या बॉलला तो अर्धं पाऊल थांबला. फक्त अर्धं पाऊल. खांदे डावीकडं वळवले, समोरचा पोरगा त्या बाजूला झुकला, आणि यानं आतल्या बाजूनं येणाऱ्याला बॉल नुसता टेकवला, जसा आपण कुणाच्या हातात चहाचा कप देतो तसा. ते पोरगं तीस मीटर पळालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या पळणाऱ्यासाठी. तिसऱ्या बॉलला यानं बॉल यायच्या आधी दोनदा मागं कोपऱ्याकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं, किक मारली, बॉल टप्पा घेऊन रेषेच्या अलीकडं पाच मीटरवर बाहेर गेला. त्या वेळी वहीवाले साहेब पाण्याच्या बाटलीचं टोपण उघडत होते.

हे अर्धं पाऊल स्टॉपवॉचमध्ये येत नाही हो. उलट स्टॉपवॉच त्याला स्लो म्हणणार!

२०२३ च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनाविरुद्ध इंग्लंडचा एक गडी सुरुवातीलाच मैदानाबाहेर गेला, चौदा जणांवर आली. जॉर्ज फोर्ड दहा नंबरला. आडदांड नाही, फार वेगवानही नाही. त्यानं ठरवलं पळापळ करायचीच नाही, पहिल्या हाफात ३ ड्रॉप गोल मारले, टीमचे सगळे २७ पॉइंट एकट्यानं केले, २७-१० जिंकले. मैदानावर काय शक्य आहे आणि काय नाही हे ओळखणं, ते फोर्डला येतं. ते माझ्या पोराला थोडंथोडं यायला लागलंय, एवढंच म्हणतोय मी, त्याला विल्किन्सन म्हणत नाहीये.

आणि एकट्यादुकट्यावर भागत नाही, तीन-चार पोरं तयार ठेवावी लागतात. २०११ च्या वर्ल्ड कपला न्यूझीलंडचा दहा नंबर डॅन कार्टर प्रॅक्टिसमध्ये जायबंदी झाला, दुसरा गेला, तिसरा फायनलमध्येच गेला, आणि चौथा स्टीफन डोनाल्ड, ज्याला मूळ संघात घेतलंच नव्हतं, बोलावणं आलं तेव्हा नदीवर मासे धरत होता. शर्ट त्याला घट्ट बसत होता. त्यानं पेनल्टी मारली आणि फ्रान्सला ८-७ नं हरवून कप घरात ठेवला. आपल्या जिल्ह्यात कुणी चौथा सोडा, दुसरा कोण ते विचारा. दहा नंबरला कुणाला वाढवायचं याचा विचारच नाही. दरवर्षी नवीन वही, नवीन फुल्या. २०२५ ला मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, पोरांनी मोबाईलवर डोळे फोडून बघितली, स्वप्नं मोठी झाली पोरांची, आणि आपली ट्रायल अजून पोलीस भरतीसारखी.

कुणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच की साउथ आफ्रिकेनं २०२३ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला आपल्या दहा नंबरला, लिबॉकला एकतिसाव्या मिनिटालाच बाहेर काढला होता, मग. काढला. हँड्रे पोलार्ड आला, शेवटी लांबची पेनल्टी मारून १६-१५ जिंकवलं, फायनलचे १२ पॉइंटही त्याचेच. पण लिबॉकला फेकून नाही दिला, त्यानंतरही तो देशाकडून खेळला. मॅचमधून काढणं वेगळं आणि पोराला मनातून काढणं वेगळं.

आता पुण्याचं.

त्या चिपनंतर दुपारी आमची दुसरी मॅच होती. मी त्या पोराला विंगला टाकलं. काही बोललो नाही, नुसता दहा नंबरचा शर्ट दुसऱ्याला दिला. म्हणजे आज त्या साहेबांनी पेननं जे केलं ते मी दोन वर्षांपूर्वी शर्टानं केलं होतं. संध्याकाळी स्वारगेटवरून गाडी धरली तर बाकीची पोरं झोपली, हा खिडकीपाशी बॉल मांडीवर घेऊन बसलेला, कराड येईपर्यंत. खंबाटकी गेला, सातारा गेला, मी तीनदा मागं वळून बघितलं. बोललो नाही. महिनाभर तो ग्राउंडवर यायचा, सांगेल ते करायचा, पण तोंडातून शब्द नाही. आणि दहा नंबरचं पोरगं बोललं नाही तर टीम आंधळी असते.

नंतर एका पालकानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मला पाठवला. रात्री अकरा वाजता बघितला. मग परत बघितला. डावीकडं त्यांचं कुणीच नव्हतं. मोकळं मैदान. आमचा विंगर धावला असता तर बॉल त्याचाच होता, टप्पा कसाही पडू दे. पण विंगर जागेवरच उभा, कारण चिप पडली की मागं धावायचं असतं हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. वेळ काढायला पाहिजे होती हे खरंच आहे, पण त्या पंधरा वर्षांच्या पोरानं जे बघितलं ते मला रेषेवर उभं राहून दिसलं नव्हतं. जागा होती. त्याला दिसली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. म्हशीची धार काढत होता. त्याच्या वडलांसमोर सांगितलं, बाळा, माझं चुकलं, जागा होती. त्यानं धार थांबवली नाही, खाली मान घालूनच म्हणाला, सर, बॉल जरा जोरात बसला. बास. त्या दिवसापासून दहा नंबर त्याचा, आणि त्यानंतर त्यानं चुका काय कमी केल्यात का, भरपूर केल्यात, एकदा तर सरळ समोरच्याच्या हातात पास दिला. मी शर्ट काढून घेतला नाही.

म्हणून आज राग आला. त्या साहेबांवर आला, आणि खरं सांगायचं तर लिहितालिहिता थोडा निवला पण, कारण त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही, दिवसभरात दीडशे पोरं, उन्हात उभी माणसं, स्टॉपवॉच हातात असलं की आकडा तरी मिळतो. अर्धं पाऊल बघायला तेच पोरगं चार-सहा मॅच बघावं लागतं. पण म्हणून फुली बरोबर ठरत नाही.

येताना गाडीत मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो. घरी काय सांगणार विचारलं तर म्हणाला, पुढच्या वर्षी परत आहे म्हणून सांगणार. मग उंब्रजपर्यंत आम्ही त्या पहिल्या पासबद्दल बोललो. त्याचं म्हणणं, त्या पोराचे हात तयार नव्हते, मी आधी हाक मारायला पाहिजे होती. चूक दुसऱ्याची आणि हा स्वतःच्या हाकेत शोधतोय.

एक काम आहे मित्रांनो. कार्टर न्यूझीलंडमधल्या साउथब्रिज नावाच्या लहानशा गावचा. आठव्या वाढदिवसाला त्याच्या वडलांनी घराशेजारी गोलपोस्ट उभे करून दिले होते, आणि तो पुढं १५९८ टेस्ट पॉइंट करून थांबला. आमच्याकडं पोस्ट नाहीत. आम्ही दोन बांबू रोवतो आणि मध्ये सुतळी बांधतो, वारा आला की सुतळी हलते आणि बॉल वरून गेला का खालून यावर भांडणं होतात. सेव्हन्सला कन्व्हर्जन ड्रॉप किकनंच मारायचं असतं, त्यामुळं पोराला रोजचे पन्नास-साठ बॉल खऱ्या पोस्टवर मारायला मिळायला पाहिजेत.

ऊस तुटल्यावर एका शेतकरी मित्रानं दहा गुंठे मोकळे ठेवायचं कबूल केलंय, वर आहे, नदीचं पाणी येत नाही तिथं. ओगलेवाडीत एक वेल्डर मजुरी घ्यायला तयार नाही. पाइप लागतील. दोन पोस्टमधलं अंतर ५.६ मीटर, आडवा बार ३ मीटरवर, आणि उभे पाइप जमिनीपासून निदान ३.४ मीटर उंच. कुणाच्या शेडचे, बोअरचे जुने पाइप पडून असतील तर इनबॉक्स करा, गंजलेले असले तरी चालतील, घासून रंग आम्ही देऊ. टेम्पो माझा.