बर्फातल्या गाडीचा फोटो पाठवायचा तर नीट पाठवा ना बाप्पा

अमेरिकेत नाहीतर कॅनडात मोठं बर्फाचं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तोच फोटो येतो. एक पांढरा ढिगारा, त्यातून एका बाजूनं आरसा डोकावून राहिला, आणि खाली लिहिलेलं "आमची गाडी ओळखा". मग इकडून सगळ्या मावश्या-काकांचे हात जोडलेले इमोजी, "काळजी घे बेटा", झालं. माझं स्पष्ट मत सांगतो, यातले बहुतेक फोटो वाया जातात, कारण ते पाहून धरमपेठेत बसलेल्या माणसाला बर्फ नेमका किती पडला हे कळतच नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की काटोलकडचा संत्र्याचा शेतकरी काय करतो? गार तळहातावर घेतो, बाजूला लिंबू नाहीतर नाणं ठेवतो आणि मग फोटो काढतो. त्याला कोणी फोटोग्राफी शिकवली नाही, पण तलाठी असो की पेपरवाला, आधी साइजच विचारणार हे त्याला पक्कं माहीत असतं. आणि तुम्ही तिकडं गेलेले पोट्टे एवढे शिकलेले, गाडीच्या बाजूला एक माणूस उभा नाही करता येत? निदान फावडं तरी खोचा. बोस्टनमध्ये २०१४-१५ च्या हिवाळ्यात एकूण ११०.६ इंच बर्फ पडला, म्हणजे ९ फुटांच्या वर, हा आकडा ऐकून आमच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही हो, आमचा भाचा कमरेपर्यंत बुडालेला दिसला की लगेच येतं.

२०११ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्ह या तळ्याकाठच्या रस्त्यावर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या, त्याचे वरून काढलेले फोटो नेटवर आहेत, बघा. एकही गाडी त्यात सुंदर वगैरे दिसत नाही, पण रांगच्या रांग पाहिली की समजतं, लोक गाडी तिथंच सोडून निघून गेले.

आता बर्फ राखाडी काहून येतो ते. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे फ्रेमभर पांढरं दिसलं की तो बिचारा उजेड कमी करून टाकतो. फोनवर बर्फावर बोट ठेवा आणि ते सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा, मोठा कॅमेरा असेल तर एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक ते दोन स्टॉप (+१ ते +२) वाढवा, बस. सावलीतला बर्फ निळसर दिसतो तो मात्र तसाच राहू द्या, वरच्या आकाशाचाच रंग आहे तो, फिल्टर मारून त्याला पिवळा करू नका. आणि एक मजा म्हणजे डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, बोस्टनमध्ये जेमतेम २४ वर. म्हणजे तिकडं दुपारी बारालाही उन्ह तिरपंच, आणि तिरप्या उन्हातच बर्फाचा पोत दिसतो, वाऱ्यानं बॉनेटवर काढलेल्या रेघा दिसतात. आमच्याकडे फोटोग्राफर असल्या उजेडासाठी पहाटे फुटाळा तलावावर जाऊन बसतात, तुम्हाला दुपारी फुकट मिळून राहिला!

पण सगळ्यात महत्त्वाचा फोटो कोणीच पाठवत नाही, तो म्हणजे गाडीच्या मागचा. सायलेन्सर बर्फात गाडला गेला असेल आणि तुम्ही हीटरसाठी इंजिन सुरू करून आत बसले तर धूर आतच शिरतो, कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणसाला झोप येतेय असंच वाटतं. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि २० च्या वर माणसं गेली, थंडीनं आणि या गॅसनं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या वादळातही लोक गाडीतच मेलेले सापडले. म्हणून माझा हट्ट आहे की आधी सायलेन्सर मोकळा करा, त्याचा फोटो टाका, मग ती क्यूट गाडी. आईला "आम्ही सेफ आहोत" हा मेसेज लिहायची गरजच पडणार नाही.

गाडी काढल्यावरचेही फोटो पाठवा की. बोस्टनमध्ये खणून काढलेल्या जागेवर लोक खुर्ची नाहीतर टोपली ठेवून पार्किंग राखतात, शहर ४८ तास चालवूनही घेतं म्हणे (काही भागांत तेवढंही नाही), आमच्या बर्डीच्या बाजारात कोणी असं करून दाखवावं, खुर्चीसकट गायब होईल! मला तर त्या पांढऱ्या ढिगाऱ्यापेक्षा ही खुर्ची बघायला जास्त आवडेल, आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ नि धूळ मिसळून काळा पडलेला रस्त्याकडेचा चिखलही.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की पांढऱ्यातलं बारीक सगळं पुसलं जातं, डॉक्युमेंट म्हणून टाका. साइज मोठी होईल, होऊ द्या, आमच्याकडे वायफाय आहे.