पश्चात्तापाची सुट्टी आणि मंडळीतली जात

जर्मनीच्या सोळा राज्यांपैकी केवळ सॅक्सनीत पश्चात्तापासाठी सार्वजनिक सुट्टी मिळते. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी येणारा हा ‘पश्चात्ताप व प्रार्थना दिन’ इतर राज्यांनी १९९५ साली सुट्ट्यांतून वगळला, कारण तेव्हा सुरू झालेल्या शुश्रूषा-विम्याचा (वृद्ध व परावलंबी लोकांच्या देखभालीसाठीच्या विम्याचा) मालकांवरचा भार भरून काढायचा होता. सॅक्सनीने सुट्टी राखली आणि त्या बदल्यात इथल्या नोकरदारांच्या पगारातून त्या विम्यासाठी अर्धा टक्का अधिक कापला जातो. लाइपझिगमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी ख्रिस्ती माणसाचीही त्यातून सुटका नाही. चर्च मात्र त्या दिवशी गर्दीने भरत नाही. बरेच लोक शेजारच्या राज्यात खरेदीला जातात.

मायदेशी आपल्या समाजापुढचा प्रश्न निराळा आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५०च्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, परंतु दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. धर्म बदलल्याने जात सुटत नाही, हा त्यांच्या समावेशाच्या मागणीचा पाया आहे आणि ती मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. पण चर्चमध्येही जात पाळली जाते असे आपण सरकारला सांगतो, तेव्हा ती पाळणारे कोण, हा प्रश्न मंडळीने, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाने, स्वतःलाच विचारायला हवा. अहिल्यानगर आणि मराठवाड्यातल्या कितीतरी मंडळ्या महार आणि मांग कुटुंबांच्या विश्वासावर उभ्या राहिल्या, तरी सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जातेच. गोव्यात तर काही गावांत चर्चच्या उत्सवातले मानपानही जातीने वाटलेले होते. निवेदनात आपण जे लिहितो, ते व्यासपीठावरून पापकबुलीच्या प्रार्थनेत क्वचितच उच्चारतो.

योहानाच्या पहिल्या पत्रात प्रकाशात चालणे आणि पाप कबूल करणे या गोष्टी एकाच ओघात येतात, आणि आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो, असेही तिथे बजावले आहे. नाताळच्या संदेशात आपण प्रकाशाचे वर्णन सांत्वन म्हणून करतो. तो उजेड आपल्याच घरातले कोपरे दाखवतो, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी इतर देशांतल्या चर्चच्या प्रतिनिधींसमोर श्टुटगार्ट येथे नाझी राजवटीच्या काळातल्या आपल्या दोषाची कबुली दिली. ती अपुरी होती. ज्यूंचा त्यात नावाने उल्लेखही नव्हता. तरीही तिच्यामुळे तुटलेले संबंध पुन्हा जुळू लागले, आणि ख्रिस्ती आशेचा अर्थ मला अशा घटनेतच अधिक कळतो. घरोघरी मात्र त्या कबुलीवर संताप झाला: विजेते हिचा आपल्याविरुद्ध वापर करतील, असे लोक म्हणत होते.

आपल्याकडची वडीलधारी मंडळीही आज नेमके हेच म्हणतात. धर्मांतरविरोधी कायद्याची भाषा ऐकू येत असताना त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. परंतु जातीची कबुली निवेदनांमधून आपण केव्हाच दिली आहे. तिथे ती इतरांच्या अन्यायाचा पुरावा म्हणून येते, एवढाच फरक. पुढच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, एखाद्या मंडळीने ती स्वतःचे पाप म्हणून उपासनेत उच्चारावी आणि त्याच आठवड्यात वडीलवर्गाने आपापल्या घरच्या सोयरिकींची चर्चा उघडपणे करावी. त्यासाठी सरकारी सुट्टी लागत नाही.