कोणता चोर हवा?

घराला सीसीटीव्ही बसवण्याचा निर्णय घेणे सोपे असते. त्यासाठी मागच्या गल्लीत एखादी घरफोडी झाली की पुरते. अवघड असते ते त्यापुढचे, म्हणजे आपल्याला नेमका कोणता चोर पकडायचा आहे हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवणे. आमच्या सहकारनगरातल्या जुन्या बैठ्या घरात या मुद्द्यावर एकमत होईना. माझ्या डोळ्यांसमोर रीतसर कडीकोयंडा उचकटणारा, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'अज्ञात चोरटा' म्हणून छापून येणारा चोर होता. सौभाग्यवतींचा रोख फाटकावरून पार्सल आत भिरकावून 'हाती दिले' अशी नोंद करून पसार होणाऱ्या मुलांवर होता. आईला मात्र पहाटे कुंपणाबाहेरून काठीने फांदी वाकवून जास्वंदी नेणाऱ्या इसमाखेरीज जगातल्या कोणत्याही गुन्हेगारात रस नव्हता. "सोनं बँकेत, पैसे तुझ्या त्या मोबाइलात. घरात न्यायला आहे काय? जास्वंद मात्र रोज जाते," हा तिचा युक्तिवाद बिनतोड होता आणि काहीसा अपमानास्पदही.

खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये ठरली. हा आकडा कोठून आला ते कोणालाच सांगता येणार नाही, परंतु मध्यमवर्गीय घरांत कोणतीही नवी वस्तू आधी दहा हजारांत बसवून पाहण्याची पद्धत आहे. तो आकडा मनाशी धरून मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने घराचा कच्चा नकाशा काढून घेतला आणि अत्यंत सौम्यपणे विचारले, "काका, सगळं आवार दिसायला हवं की माणूस ओळखू यायला हवा?" दोन्ही हवे, असे मी म्हणालो. तो ज्या तऱ्हेने हसला त्यावरून, दोन्ही हवे म्हणणारा त्या दिवसातलाही मी पहिला नसावा.

मग त्याने हिशेब मांडला. २.८ मिलिमीटरच्या लेन्सला साधारण शंभर अंशांचा मुलूख दिसतो, म्हणजे पाच मीटरवर सुमारे बारा मीटर रुंदी. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे ठिपके १९२०. ते बारा मीटरवर वाटले की माणसाच्या चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम पंचवीस ठिपके येतात, आणि तेवढ्यात माणूस आला होता एवढे कळते, तो कोण होता हे कळत नाही. याउलट ६ मिलिमीटरची लेन्स घेतली तर फाटकातला चेहरा ठसठशीत उमटतो, पण त्यासाठी चोराने फाटकातूनच यावे लागते. जो सभ्यपणे फाटक उघडून आत येतो तो चोर कशाला असेल, ही माझी शंका त्याने "म्हणून तर चार कॅमेरे घ्या म्हणतो" एवढ्या शब्दांत मिटवली.

चार कॅमेऱ्यांचा संच, चित्रण नोंदवणारा डीव्हीआर, केबल आणि फिटिंग मिळून आकडा अठरा हजारांवर गेला, आणि त्यात हार्ड डिस्क धरलेलीच नव्हती. ती स्वतंत्र घ्यावी लागते, हे मला तेथे कळले. चित्रण आटोपशीर करण्याच्या जुन्या एच.२६४ पद्धतीने सेकंदाला चार मेगाबिट या वेगाने चित्रण साठवले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला त्रेचाळीस जीबी होतात. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, आणि भरली की यंत्र आपोआप जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. म्हणजे आम्ही आठ दिवस कोकणात गेलो आणि चोर पहिल्याच रात्री येऊन गेला, तर परतल्यावर आम्हाला नंतरच्या रिकाम्या अंगणाचे सलग व सुस्पष्ट चित्रण तेवढे पाहायला मिळेल. एच.२६५ पद्धतीत जागा जवळपास निम्मी लागते, त्यामुळे चोराला दहा-अकरा दिवसांची मुदत मिळते. पण त्यासाठीचा डीव्हीआर अर्थातच महाग.

बंगळुरूच्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून हा सारा खटाटोप कालबाह्य ठरवला. "बाबा, साधा वायफायवाला घ्या, वायरलेस." अशा बहुतेक वायरलेस कॅमेऱ्यांनाही विजेची वायर लागतेच, हे त्याला तेथे बसून दिसत नव्हते. शिवाय स्वस्तातले बहुतेक कॅमेरे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरीवरच चालतात, आणि आमच्या राउटरची ती लहर मागच्या दोन भिंती ओलांडताना धापा टाकते. वीज गेली की राउटर झोपतो, तेव्हा इन्व्हर्टर आला. सर्वांत मौज म्हणजे या कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड त्याच्याच पोटात असते. चोराने हात उंचावून कॅमेराच काढून नेला, तर माल आणि पुरावा एकाच पिशवीत जातो.

डीव्हीआरचेही तसेच. तो दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवला तर चोर पहिल्यांदा तोच उचलणार. आईने तो माळ्यावर पितळी हंड्यात ठेवण्याची सूचना केली, कारण तिच्या सासूबाईंचे तोडे तेथे वर्षानुवर्षे सुरक्षित राहिले होते. तोड्यांना वारा लागत नाही, डीव्हीआरला लागतो, हे तिला पटवताना संध्याकाळ गेली.

वास्तविक घरच्या कॅमेऱ्याचा उगम अगदी सरळ गरजेतून झाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीच्या साहाय्याने अशी यंत्रणा रचली आणि तिला १९६९ मध्ये पेटंट मिळाले. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार झरोके, त्यांवर वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत पडदा. दाराशी कोण उभे आहे, एवढाच त्या बाईंचा प्रश्न होता. त्यांच्या घरी जास्वंद नसावी.

पासवर्डवरूनही घरात वाद झाला. तो आईच्या नावापुढे १२३४ असा असावा, ही सूचना मी फेटाळली. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत जगभरचे असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, असे मी सांगितल्यावर आईने विचारले, "पण त्यांना आपलं अंगण बघून काय मिळणार?" आम्हाला तरी काय मिळणार होते, हे मी बोललो नाही.

अखेर दोनच कॅमेरे घ्यायचे ठरले, एक व्हरांड्यात रुंद नजरेचा आणि एक ६ मिलिमीटरचा. तरीही मर्यादेपेक्षा जास्त झालेली रक्कम आईने आपल्या पेन्शनमधून दिली, आणि ज्याचा पैसा त्याचा चोर या न्यायाने दुसरा कॅमेरा फाटकावर न लागता जास्वंदीवर लागला. पहिल्या काही रात्री मोबाइल सारखा किणकिणत असे. दोरीवर विसरलेला माझा सदरा वाऱ्याने हलला की 'व्यक्ती आढळली', आणि इन्फ्रारेड दिव्यांशी जमणाऱ्या चिलटांच्या आशेने कोळ्याने लेन्ससमोरच जाळे विणले तेव्हा तर पहाटेपर्यंत एक अवाढव्य, आठ पायांची पांढरी व्यक्ती आढळत राहिली. आता कुंचा घेऊन जाळी काढणे हे माझे साप्ताहिक काम झाले आहे.

जास्वंदीचा चोरही लवकरच सापडला. चित्र स्वच्छ होते, चेहऱ्याला ठिपके भरपूर मिळाले होते, आणि ते सगळे माकडटोपीवर खर्च झाले होते. आईने मात्र चष्मा न लावता क्षणात निकाल दिला: "हे तर आपले भजनी मंडळातले. डाव्या पायावर कसे झुकतात बघ." मी तक्रारीचा विषय काढताच ती मलाच रागावली. त्यांच्या गणपतीला आपली फुले वाहिली जात असतील तर निम्मे पुण्य आपल्याच खात्यावर पडते, असा तिचा हिशेब आहे. त्यामुळे तो कॅमेरा आता मागच्या बाजूच्या कढीपत्त्याकडे वळवायचा आहे. मी दुकानदाराला फोन केला. तिथवर केबल पुरणार नाही, म्हणून तो मीटरच्या हिशेबाने वेगळे पैसे सांगतो आहे. आणि झाड उंच असल्यामुळे चोराचा चेहरा हवा की हात, हे आधी घरात ठरवून घ्या, असे म्हणतो.